शोभतं का हे इरिडियमला?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांचं हल्ली काही खरं नाही. ज्या माणसांनी दिवसभर काचसामान धुवावं, वर्णपट काढावेत, माल किती टक्के हाती लागला ते वहीत लिहावं, ती माणसं संध्याकाळी दार लावून, पडदे ओढून, दिवे घालवून बसतात. हातात अतिनील टॉर्च, समोर काचेच्या इवल्याशा कुप्या. टॉर्च लावली की कुपी हिरवीगार पेटते आणि पीएचडी झालेली माणसं ‘अगं बाई!’ करतात. लगेच मोबाइल बाहेर, फोटो. तोच फोटो शोधनिबंधाच्या तोंडावर: लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी अशा कुप्या ओळीने, मागे काळोख. रेणूवरचा एक मिथिल गट इकडचा तिकडे केला की नवी कुपी, नवा फोटो, नवा निबंध. ‘वितळणबिंदू किती?’ असं विचारणाऱ्याकडे अशा नजरेने बघतात की बिचारा परत तोंड उघडत नाही.

या सगळ्या थेरांच्या मुळाशी आहे इरिडियम. घराणं बघा केवढं! प्लॅटिनमच्या कुळातलं. सोन्याला विरघळवणारं आम्लराज याच्या तुकड्यापुढे हात टेकतं. जगभरात वर्षाला जेमतेम 7-8 टन निघतं, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनम काढता काढता सोबत. 2021 मध्ये औंसाचा भाव 6000 डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे सोन्याच्या तिपटीहून जास्त. आणि या महाशयांनी सूत कोणाशी जुळवावं? फेनिलपिरिडिनशी! बेंझिनचं एक कडं, पिरिडिनचं एक कडं, मध्ये एक साधा बंध, संपलं. पिरिडिनच्या नायट्रोजनने हात पुढे केला इथवर ठीक होतं. नायट्रोजन काय, सगळ्याच धातूंना हात देतो. पण इरिडियमने पुढे होऊन पलीकडच्या कड्यातल्या कार्बनवरचा हायड्रोजन हुसकावला आणि थेट कार्बनशी बंध जोडला. हा बंध असल्याशिवाय ऑरगॅनोमेटॅलिक गोतात घेत नाहीत, आणि इरिडियमने तो एकदा नाही, एकाच रेणूत तीनदा जोडला.

हे लफडं काही आजचं नाही. 1985 मध्ये किंग, स्पेलेन आणि वॉट्स यांनी या रेणूची पहिली चव्हाट्यावरची नोंद केली. गंमत म्हणजे त्यांना हवं होतं दुसरंच संयुग. हा सोबत निघालेला उपपदार्थ. प्रकाश देण्याची कार्यक्षमता त्यांनी 40 टक्के मोजली. पुढच्या काटेकोर मोजण्यांत ती 90 च्या वर निघाली, म्हणजे पहिल्यापासून बदनामी निम्म्याहून कमीच झाली होती म्हणायची. तरी वर्षानुवर्षं कोणी त्याला दारात उभं केलं नाही. तेव्हा मिरवत होतं अॅल्युमिनियम. 1987 मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी अॅल्युमिनियमच्या संयुगाचा पातळ थर वापरून ओलेड, म्हणजे सेंद्रिय थरांचा दिवा, पेटवलं आणि सगळे तिकडे धावले. (त्यात धातूचा बंध ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी होता, कार्बनशी नव्हे, सोवळी मंडळी अजून ते काढून दाखवतात.)

पण त्या दिव्यात एक जुनी रड होती. उत्तेजित झालेल्या इलेक्ट्रॉनला घरी परतायचं तर त्याचा स्पिन घरातल्या जोडीदाराच्या उलट हवा, असा कडक नियम. वीज देऊन उत्तेजित केलेल्या रेणूंपैकी सरासरी चारातला एकच या अटीत बसतो. त्याला सिंग्लेट म्हणतात. उरलेले तीन ट्रिप्लेट. त्यांचे स्पिन समांतर, म्हणून परतायला बंदी. ते ताटकळत राहतात आणि अखेर ऊर्जा उष्णतेत घालवून मोकळे होतात. म्हणजे रुपयातले पंचाहत्तर पैसे पाण्यात! आणि इथेच इरिडियमने कुळाची लाज सोडली. त्याच्या केंद्रकात 77 प्रोटॉन. एवढ्या जड केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनची कक्षेतली गती आणि त्याचा स्पिन एकमेकांत असे गुंततात की सिंग्लेट कोण आणि ट्रिप्लेट कोण हे नीट सांगता येत नाही. लग्नघरात एखादा वजनदार काका ‘चालतं हो सगळं’ म्हणाला की पंचांगवाले गप्प बसतात, तसा प्रकार. साध्या सेंद्रिय रेणूला ज्या वाटेने परत यायला मिलिसेकंद, कधी कधी सेकंदही लागतात, ती वाट हा एक-दोन मायक्रोसेकंदांत मोकळी करतो.

मग काय, 1998 मध्ये प्रिन्स्टन आणि सदर्न कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी आधी प्लॅटिनमच्या संयुगाला ओलेडमध्ये बसवलं, दुसऱ्याच वर्षी इरिडियमला. यजमान पदार्थाच्या थरात 100 ला सहा एवढंच इरिडियम संयुग, आणि बाह्य कार्यक्षमता 8 टक्के! 2001 पर्यंत आदाची आणि सहकाऱ्यांनी आतल्या आत प्रकाश निर्माण करण्याची कार्यक्षमता जवळपास 100 टक्क्यांवर नेली. तुमच्या-आमच्या फोनमधला लाल आणि हिरवा त्या घराण्याचाच.

रेणू बनवण्यात तरी काही संकोच असेल, तर तोही नाही. इरिडियम क्लोराइड आणि फेनिलपिरिडिन, इथॉक्सीइथेनॉल आणि पाण्यात, नायट्रोजनखाली दिवसभर उकळत ठेवायचं. पिवळा साका बसतो. त्यात दोन इरिडियम क्लोरीनच्या पुलावरून एकमेकांना धरून बसलेले असतात. तो पूल तोडून तिसरा लिगंड, म्हणजे धातूला हात देणारा रेणू, घुसवला की जुळी भावंडं संभवतात, तेच अणू पण मांडणी निराळी: फॅक आणि मेर. 140-150 अंशांवर बहुधा मेर निघतो, 200 च्या वर तापवला की फॅक. मेर मंद आणि बेभरवशाचा, पण अतिनील उजेडात ठेवला की आपणहून फॅक होतो! इतक्या सहज बदलणारा स्वभाव आमच्या काळी सोयरिकीत चालला नसता. आणि हवेतला ऑक्सिजन? तो स्वतःच ट्रिप्लेट, त्यामुळे दिसला ट्रिप्लेट की त्याची ऊर्जा ढापतो. कुपीतून नायट्रोजन सोडून त्याला बाहेर काढलं की रंग खुलतो, बूच सैल राहिलं की मलूल पडतो.

खरी चीड आणणारा आहे निळा. लाल-हिरव्याचं सगळं सुरळीत, पण निळ्याला इतकी जास्त ऊर्जा लागते की रेणूचे बंधच त्या भाराखाली तुटायला लागतात. फ्लोरिन लावून निळा केलेला प्रसिद्ध रेणूही आकाशीच राहिला, आणि आयुष्य तोकडं. म्हणून इतकी वर्षं पडद्यावरचा निळा जुन्या फ्लुओरेसंट पठडीचा, चारातला एकच वापरणारा. 2025 मध्ये एलजी डिस्प्लेने फॉस्फोरेसंट, म्हणजे ट्रिप्लेटलाही कामाला लावणारा, निळा व्यापारी तोडीचा झाल्याचं जाहीर केलं. बातमी नीट वाचा मात्र: दोन थरांची रचना, वरच्यात नवा निळा, खालच्यात जुनाच फ्लुओरेसंट. नव्याला घरात आणलं, पण जुन्याला सोडायची हिंमत काही झाली नाही.

बरं, इरिडियमचं नाव काय फक्त याच भानगडीत आहे? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले तेव्हाच्या मातीच्या पातळ थरात ते भरपूर सापडलं. 1980 मध्ये अल्वारेझ पितापुत्रांनी अशनीकडे बोट दाखवलं, तर काहींनी थेट आपल्या दख्खनच्या ज्वालामुखींवर आळ घेतला. सह्याद्रीचा काळा कातळही चौकशीत ओढला गेला म्हणायचा.

आणि आता कहर ऐका. इरिडियमला 100 टक्क्यांपर्यंत नेणारे तेच आदाची, 2012 मध्ये क्यूशूहून म्हणाले, धातू हवाच कशाला? सिंग्लेट आणि ट्रिप्लेटच्या ऊर्जेतली दरी इतकी कमी करा की खोलीच्या उबेवरच ट्रिप्लेट वर चढेल. निव्वळ सेंद्रिय रेणू, आणि चक्क चालले! मग धातूवाल्यांनी स्वस्त स्थळं बघायला सुरुवात केली. 2017 मध्ये सोनं आणि तांबं कार्बीन नावाच्या लिगंडाशी जोडून चमकवली. त्यातलं तांबं तर किलोवर मिळतं, त्यामुळे सगळ्यांचा ओढा तिकडे. फक्त चार हातांचं तांब्याचं संयुग उत्तेजित झालं की आपला चतुष्फलकी आकार सोडून चपटं व्हायला लागतं आणि प्रकाश वाटेतच उष्णतेत जातो. म्हणून लिगंडांवर दोन्ही बाजूंनी बोजड गट बसवून त्याला जागचं हलू न देण्याचा खटाटोप चाललाय. एवढा पहारा इरिडियमवर कधी बसवावा लागला नव्हता.