बॅटरीची पैसेवारी

महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसास पैसेवारीचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. शिवारात प्रत्यक्ष आलेल्या पिकाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून जो आकडा निघतो, आणि जो ५० पैशांच्या आत आला म्हणजे गावाच्या कपाळी टंचाईचा शिक्का बसावा असा दंडक वर्षानुवर्षे चालत आला, तो आकडा पिकाइतकाच त्या प्रमाणावरही अवलंबून असतो. प्रमाण खाली ओढले की करपलेली कपाशीही कागदोपत्री डोलू लागते. वडवणीसारख्या, पावसाची बाकी सदैव थकलेल्या तालुक्यात हे तत्त्व निरक्षर खातेदारासही मुखोद्गत आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माझ्या भाच्यास मात्र ते नखाएवढ्या एका चिपने शिकवावे, हा दैवयोगच म्हटला पाहिजे.

कुंडलिकेच्या कालव्याचे पाणी जिथवर येत नाही अशा आमच्या वावरातील विहिरीवर भाच्याने पाण्याची पातळी कळवणारी एक पेटी बसवली. तीत एटीमेगा ३२८पी ही चिप, आणि तिच्या उदरनिर्वाहार्थ भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसले तीन सेल. या चिपला कोणताही विद्युद्दाब दाखवावा, तर ती ० ते १०२३ यांपैकी एक पूर्णांक लिहून देते. अपूर्णांक नाही, सबब नाही, शेरा नाही. इतका आटोपशीर अहवाल देणारा एकही इसम मला उभ्या नोकरीत भेटला नाही. परंतु तो आकडा म्हणजे व्होल्ट नव्हेत. कुठल्याशा संदर्भदाबाशी पडलेले ते केवळ गुणोत्तर होय, आणि भाच्याने संदर्भ म्हणून नेमले होते ते तेच तीन सेल, ज्यांची चौकशी करावयाची होती!

“मामा, बॅटरी एकदम टकाटक. १०२३!” असे तो फोन पाहून सांगे. मृग कोरडा गेला, १०२३. पोळा झाला, १०२३. आणि एके सकाळी पेटी कायमची मुकी झाली, तेव्हा तिचा अखेरचा संदेशही प्रकृती सर्वोत्तम असल्याचाच होता.

“अरे, खातेदारालाच तलाठी नेमलेस, तर गावात दुष्काळ पडेल कसा?” असे मी म्हणालो, तेव्हा तो प्रथम हसला आणि मग बराच वेळ गप्प राहिला.

उपाय चिपच्या पोटातच होता. तेथे १.१ व्होल्टाचा एक अंतर्गत संदर्भ असतो, जो सेल खंगले तरी सहसा ढळत नाही. तेव्हा व्यवहार उलटा करावयाचा: सेलांना प्रमाण मानून त्या १.१ व्होल्टाचीच मोजणी करावयाची. सेल ४.५ व्होल्टांचे असता आकडा सुमारे २५० येतो, ते ३.३ वर उतरले की ३४१ होतो. प्रमाण खालावले की पैसेवारी फुगते, ती ही अशी! १.१ गुणिले १०२४ यास त्या आकड्याने भागले की सेलांचा दाब हाती येतो. बाहेरून रोधांची जोडी लावावी लागत नाही, जी मोजणीच्या निमित्ताने अहोरात्र बॅटरी चाटीत बसते. संदर्भ बदलल्यावर येणारा पहिला आकडा मात्र टाकून द्यावा, तो भरवशाचा नसतो. पहिल्या जबानीविषयी माझे मत पूर्वीपासून हेच आहे.

ज्या वाचकांच्या घरी असा एखादा भाचा असेल त्यांनी त्यास एवढे अवश्य बजावावे, की तो १.१ चा आकडा छापील आहे. प्रत्यक्षात तो १.० ते १.२ यांमध्ये कोठेही असू शकतो, आणि तो १.० निघाला तर ४.५ व्होल्टांची बॅटरी ४.९५ असल्याची ग्वाही देईल. प्रत्येक चिपचा खरा आकडा एकदा मल्टिमीटरच्या साहाय्याने ठरवून प्रोग्रॅममध्ये नोंदवून ठेवावा.