उठाबशांची डॉक्टरेट

अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर आता डॉक्टरेट करावी लागते. आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’, थोडक्यात डीपीटी. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, आणि एवढं सगळं झालं की एखाद्या सत्तरीच्या गृहस्थांना “खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा आणि बसा” असं सांगायचा अधिकार मिळतो. आमच्या लहानपणी सांगलीत हा अधिकार कुठल्याही गुरुजींना असे. पात्रतेची अट एकच, आणि तीही आमच्या बाजूची : गृहपाठ केलेला नसावा.

आमची कन्या सध्या हे डीपीटी करते आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि तिचं विद्यापीठ गाडीने तासाभरावर, त्यामुळे शनिवार-रविवारी ती घरी येते आणि येताना अभ्यास घेऊन येते. इतर शाखांची मुलं खोलीचं दार लावून अभ्यास करतात. या शाखेला माणूस लागतो. हाडं, सांधे, स्नायू जागच्या जागी असलेला, झोप म्हटलं की झोपणारा, पालथा हो म्हटलं की पालथा होणारा. बायकोने पहिल्याच सत्रात जाहीर केलं की तिला स्वयंपाक आहे. मग मी राहिलो. पुढे उन्हाळ्यात सांगलीहून सासूबाई आल्या, तेव्हा मला बढती मिळून मी प्रेक्षक झालो.

ही डॉक्टरेट तशी नवी. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा उभं करण्यासाठी अमेरिकी लष्कराने बायकांना थोडक्या काळात तयार केलं. त्यांना ‘रिकन्स्ट्रक्शन एड’ म्हणत. १९२१ मध्ये या मंडळींची संघटना निघाली, मेरी मॅकमिलन पहिल्या अध्यक्ष. तिथून हा पेशा प्रमाणपत्र, पदवी, पदव्युत्तर पदवी असा एकेक मजला चढत गेला. नेब्रास्का राज्यातल्या क्रायटन विद्यापीठाने १९९३ मध्ये डीपीटीचा वर्ग सुरू केला, आणि २०१६ पासून तर अभ्यासक्रमाला मान्यता हवी असेल तर डॉक्टरेटच, असा दंडक झाला. आपल्याकडे या विद्येला पोलिओने आणलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा निघाली ती त्या साथीच्या धक्क्यानेच. सासूबाईंना ते दिवस आठवतात. त्यांच्या वर्गातली एक मुलगी पायाला कॅलिपर लावून यायची आणि लंगडीच्या खेळात तिला पंच करत.

तर, पहिल्या उन्हाळ्यात शरीररचना. हा विषय घरभर पसरतो. न्हाणीघराच्या आरशावर चिठ्ठ्या, फ्रिजवर खांद्याचा सांगाडा. मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं एक जाळं आहे, ब्रेकियल प्लेक्सस नावाचं. मुळं, खोडं, विभाग, दोर आणि फांद्या असे त्याचे पाच टप्पे. ते क्रमाने लक्षात राहावेत म्हणून अमेरिकेतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य घोकत आली आहेत : ‘रॉबर्ट टेलर ड्रिंक्स कोल्ड बीअर’. कन्या हे जिन्यावरून चढता-उतरता पुटपुटत असे. सासूबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी लेकीला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, “हा रॉबर्ट करतो काय? आणि रोज पितो का?” पुढे खुलासा झाला. तरी त्यांच्या मते नसा पाठ करायला जगात दुसरं वाक्य मिळालंच नाही हे काही पटण्यासारखं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

शवविच्छेदनाची गोष्ट मात्र कन्येने जरा आवाज खाली करूनच सांगितली. चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला एक देह. वय सांगतात, मृत्यूचं कारण सांगतात, नाव सांगत नाहीत. सत्र संपताना देहदान करणाऱ्यांसाठी छोटा कृतज्ञतेचा कार्यक्रम असतो. सासूबाईंनी स्वतः मिरजेच्या मेडिकल कॉलेजचा देहदानाचा अर्ज भरलेला आहे, त्यामुळे त्यांच्या चौकशीला एकदम सरकारी धार आली. देह किती दिवस ठेवतात? मुलं नीट शिकतात की टिंगल करतात? आणि नाव खरंच सांगत नाहीत? “नाही आजी.” “मग निदान पोरांना पास तरी होऊ दे म्हणावं. माझ्यावर शिकून नापास झालेलं मला चालायचं नाही.”

दुसऱ्या वर्षी मोजमापं सुरू झाली आणि सासूबाईंचा खरा काळ आला. गोनिओमीटर नावाचं एक साधन असतं. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसं. ते सांध्यावर धरून सांधा किती अंशांत वाकतो ते पाहतात. गुडघा वाकण्याची सर्वसाधारण मर्यादा पुस्तकात १३५ अंश दिलेली. सासूबाईंचा गुडघा १५० च्या घरात गेला. कन्येने साधन तपासलं, आजीला पुन्हा झोपवलं, पुन्हा मोजलं. तेवढाच. आयुष्यभर जमिनीवर जेवलेल्या, विळीवर भाजी चिरलेल्या आणि देशी संडासाची सवय असलेल्या बाईचा गुडघा हा. खुर्चीवर वाढलेल्या माणसांना १३५ पुरतात, म्हणून पुस्तकातही तेवढेच. “लिही की दीडशे,” सासूबाई म्हणाल्या, “खोटं कशाला लिहायचं?”

स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण असतात. ही पद्धतही पोलिओचीच देणगी. बॉस्टनच्या रॉबर्ट लव्हेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा पाया घातला. स्नायूत हालचालीचं नावच नसेल तर शून्य, नुसतं फुरफुरलं तर एक, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव पूर्ण उचलता आला तर तीन, आणि तपासणाऱ्याने जोर लावूनही हलला नाही तर पाच. पोळ्या लाटून तयार झालेल्या मनगटाला कन्येने जोर लावला. कन्याच सरकली.

वेदनेचं मोजमाप मात्र जमलं नाही. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतली सर्वात वाईट वेदना, तर कंबर किती दुखते? सासूबाईंनी लेकीकडे बोट केलं आणि नातीला म्हणाल्या, “तुझ्या आईच्या वेळचं दहा धर. मग हे अर्धा.” कन्येने अर्धा लिहिला.

मग ती प्रसिद्ध चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीने. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं अमेरिकेचं सीडीसी मानतं. कन्येने फरशीवर पट्टी चिकटवली, फोनवर घड्याळ लावलं. सासूबाई उठल्या, चालल्या, वाटेत सतरंजीचा दुमडलेला कोपरा पायाने सरळ केला, पट्टीपाशी वळताना खिडकीतून बाहेर पाहून “यांच्याकडे कुत्रा नवीन आलाय का?” असं विचारलं, उत्तराची वाट पाहिली आणि परत येऊन बसल्या. अर्धं मिनिट गेलं होतं. कागदाच्या हिशेबाने बाईंना एकटं सोडणं धोक्याचं.

या चाचणीची अवघड आवृत्तीही आहे : चालता चालता एखाद्या आकड्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायचं. डोकं गुंतलं की पाय अडखळतात का, ते त्यातून कळतं. सासूबाईंनी वजाबाकी नाकारली आणि एकोणतीसचा पाढा म्हणत गेल्या नि आल्या. पाढा चुकला नाही, आणि गंमत म्हणजे या वेळी त्या कुठे थांबल्याच नाहीत. बारा सेकंदांच्या आत. यावर काय निष्कर्ष काढायचा हे पुस्तकात नव्हतं. माझा मात्र असा आहे की आपल्या म्हाताऱ्यांना पडण्याचा धोका पायांपेक्षा चौकसपणाने जास्त असतो.

ब्राझीलच्या क्लॉडिओ आराउजो या डॉक्टरांची आणखी एक परीक्षा आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, त्याला दहा गुण. हात टेकला, गुडघा टेकला की एकेक गुण वजा. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने दोन हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ज्यांना कमी गुण होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. सासूबाईंना नऊ मिळाले, तेही “रोज पूजेला काय करते मग?” असं म्हणत. घरातल्या बाकीच्यांचे गुण इथे देत नाही. विमा कंपनीची माणसंही मराठी वाचत असतील.

आता तुम्ही म्हणाल, की एवढं मोजून शेवटी सांगायचं काय, तर उठा आणि बसा. मग डॉक्टरेट कशाला? हा प्रश्न मीही विचारला होता, जरा खवचटपणेच, फीचं बिल हातात असताना. त्याचं उत्तर सासूबाई विमानतळावर उतरल्या तेव्हाच मिळालं होतं, फक्त ते उत्तर आहे हे मला उशिरा कळलं.

त्या दिवशी कन्येने आजीला वाकून नमस्कार केला आणि तिथेच बसून राहिली. उजवी पोटरी डावीपेक्षा सुजलेली दिसत होती. घरी आल्या आल्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून, नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. सासूबाईंना वाटलं, सलवार शिवायची आहे. त्यांनी तिथेच सांगून टाकलं की या वयात त्या नऊवारी सोडणार नाहीत. दोन पायांत तीन सेंटीमीटरांहून जास्त फरक निघाला असता तर खोलवरच्या शिरेत गुठळीची शंका धरून तडक रुग्णालय गाठायचं होतं. लांबच्या विमानप्रवासानंतर असं होऊ शकतं, आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. फरक अगदी किरकोळ निघाला. पाय वर ठेवून झोपल्या, सकाळी सूज उतरली. पण त्या पोटरीला कोणी तेल लावून रगडलं नाही, आणि सांगलीत ते पहिल्यांदा झालं असतं.

अमेरिकेत २०१५ पासून पन्नासही राज्यांत, कमी-अधिक अटींसह, पेशंट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिकल थेरपिस्टकडे जाऊ शकतो. म्हणजे दारात उभा राहिलेला माणूस आधी कोणीही तपासलेला नसू शकतो. उजवा खांदा दुखतो म्हणून आलेल्याचा खांदा ठणठणीत असून दुखणं पित्ताशयाचं असू शकतं. डावा हात आणि जबडा दुखत असेल तर व्यायाम नाही, रुग्णवाहिका. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला आणि लघवीवरचा ताबा गेला, तर कण्याच्या तळाशी नसांचा झुबका दाबला गेलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. शंभर जणांना ‘उठा-बसा’ सांगता सांगता, ज्याला ते अजिबात सांगायचं नाही असा एक ओळखायचा, त्यासाठी ही तीन वर्षं. फी तरीही जास्तच आहे, हे मी कन्येच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

सांगलीकडच्या नातेवाइकांना मात्र वेगळीच काळजी. “म्हणजे डॉक्टर ना ती? मग गोळ्या देईल का?” गोळ्या देणार नाही. “पीएच.डी.वाली डॉक्टर का?” तीही नाही. मग पलीकडे फोनवर एक समजूतदार शांतता पसरते. नावाआधीच्या त्या दोन अक्षरांवरून भारतातही कमी वाद नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेचच ते मागेही घेतलं. कन्येच्या राष्ट्रीय परीक्षेत २०० ते ८०० अशी पट्टी असते आणि ६०० ला पास. सासूबाईंच्या हिशेबाने आठशेत सहाशे म्हणजे पंच्याहत्तर टक्के, डिस्टिंक्शन! पट्टी शून्यापासून सुरूच होत नाही आणि ही टक्केवारीही नाही, हे समजावण्याचा प्रयत्न झाला. पण सांगलीला पेढ्यांचं ठरून गेलं होतं.

पदवीपेक्षा अवघड पुढचंच आहे, असं मला वाटायला लागलंय. आपल्या लोकांना उपचार म्हणजे काहीतरी आपल्यावर केलं गेलं पाहिजे असतं. शेक द्या, मशीन लावा, पट्टा द्या, महानारायण तेल चोळा. आम्ही पडून राहतो. कन्येचे प्राध्यापक सांगतात की मशिनं फार तर सोबतीला, मुख्य औषध व्यायामच, आणि तो पेशंटनेच करायचा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा खांदा जखडला तेव्हा त्यांना घरी करायच्या व्यायामांचा चित्रांसकट कागद मिळाला. त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला, देवघराच्या भिंतीवर लावला, आणि खांदा काही उघडेना म्हणून दुसरा फिजिओ गाठला. त्यानेही कागदच दिला. आता दोन आहेत. अशा माणसाला तोंड न सोडता, न चिडता, त्याच्या नातवाला उचलून घेण्याच्या इच्छेला हात घालून रोज भिंतीवर बोटं चढवायला लावणं, याचा स्वतंत्र पेपर असायला हवा होता. आजीला पहिल्या आठवड्यात कन्या “आजी, प्लीज” म्हणत असे. आता “आजी, आरतीच्या आधी दहा, चहाच्या आधी दहा” म्हणते, आणि आजी करतात. चहा महत्त्वाचा असतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी असा कागद फ्रिजवर, कपाटाच्या आतल्या दारावर किंवा जुन्या फायलीत असेल तर तो काढा. त्यावर दहा लिहिलं असेल तर दहा करा. उत्साहात वीस नकोत आणि ‘आज पाय दुखतात’ म्हणून शून्यही नको. दुखणं वाढलं तर थांबून फोन करा. आणि फी देताना दारातून बाहेर पडायच्या आधी “नुसता व्यायामच तर सांगितला” असं म्हणू नका. आत ऐकू जातं.