भाऊसाहेब, वरिष्ठ लिपिक

स्वारगेटच्या जेधे चौकात उतरणाऱ्या माणसाला पुणे दिसते ते एस.टी.चे स्थानक, उड्डाणपूल आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेरीपासून येथवर जमिनीखालून येणारी मेट्रो या रूपात. याच परिसरातल्या एखाद्या कार्यालयात खिडकीकडे पाठ करून बसलेल्या वरिष्ठ लिपिकाला मात्र तेच पुणे मिळकत क्रमांक, वापराचा प्रकार, क्षेत्रफळ आणि थकबाकी अशा रकान्यांत दिसते, आणि त्याचे मत विचारल्यास हे दुसरे पुणेच खरे होय, कारण पहिल्याची कोठे नोंद नाही.

महापालिकेच्या मिळकतकर खात्यात या व्यक्तीस वरिष्ठ लिपिक म्हणतात. खडकमाळ आळीतल्या हवेली तहसील कचेरीत त्याच जातकुळीच्या माणसाला अव्वल कारकून म्हणत असत आणि अलीकडे त्याचे पदनाम सहायक महसूल अधिकारी असे भारदस्त झाले आहे. कामासाठी येणारे लोक मात्र दोघांनाही भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेबांच्या खाली नोंदी करणारा कनिष्ठ लिपिक असतो आणि वर सही करणारा अधिकारी असतो, आणि या दोहोंमधील जागेत टिपणी नावाचा वाङ्मयप्रकार जन्म घेतो. टिपणी म्हणजे प्रकरणाची हकीकत, त्यास लागू होणारा नियम आणि आपले मत थोडक्यात मांडून ते ‘आदेशार्थ सादर’ करणे. बदल्यांच्या चक्रात सापडलेला अधिकारी बहुधा टिपणीची शेवटची ओळच वाचतो, ही गोष्ट भाऊसाहेबांना सेवेच्या पहिल्या काही वर्षांतच कळलेली असते. त्यामुळे ‘मान्य करण्यास हरकत नसावी’ असे लिहिले की प्रकरण सुटते आणि ‘नियमानुसार योग्य तो निर्णय व्हावा’ असे लिहिले की ते सुटत नाही. दोन्ही वाक्ये सारखीच नम्र असून दोहोंतही भाऊसाहेबांवर कसलीच जबाबदारी येत नाही, हे त्यांच्या गद्यशैलीचे खरे यश मानावे लागेल.

त्यांच्या विद्वत्तेचा गाभा म्हणजे वार्षिक करपात्र मूल्य. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार, एखादी मिळकत भाड्याने दिली असता वर्षाला वाजवी अपेक्षेने जे भाडे मिळेल, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून उरणाऱ्या रकमेवर कर बसतो. समजा, घर ५०० चौरस फुटांचे आहे आणि दर चौरस फुटास महिना २ रुपये आहे, तर वर्षाचे भाडे १२,००० रुपये आणि करपात्र मूल्य १०,८०० रुपये. येथवर गणित आहे. यापुढे वेदान्त सुरू होतो. कर्ज काढून घेतलेल्या घरात स्वतःच राहणारा गृहस्थ ‘मी कोणाला भाड्याने दिलेच नाही, तर भाडे कसले?’ असे विचारतो, तेव्हा भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवून त्यास समजावतात की, येथे मालक तोच भाडेकरू असून त्याने स्वतःला दिलेल्या व स्वतःकडून न घेतलेल्या भाड्यावर हा कर आहे. शंकराचार्यांना अद्वैत पटवून देण्यास भाष्ये लिहावी लागली. भाऊसाहेब ते चलनाच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने पटवून देतात.

या अद्वैताला पुण्यात एक सवलतही जोडलेली होती. १९७० च्या ठरावाने स्वतः राहणाऱ्या मालकास करपात्र मूल्यात ४० टक्के सूट मिळू लागली, म्हणजे वरच्या उदाहरणातील १०,८०० रुपयांचे ६,४८० रुपये झाले. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला, पुढे सूट बंद झाली, त्यावर ओरड झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा दिली. मात्र ज्यांची सूट गेली होती किंवा ज्यांना ती मिळालीच नव्हती, त्यांनी आपण आपल्याच घरात राहतो हे पीटी-३ नावाच्या अर्जाने सिद्ध करावे, असे ठरले. भाऊसाहेबांच्या कारकिर्दीचा हा सुवर्णकाळ म्हटला पाहिजे. स्वतःच्या घरात राहण्याचा पुरावा मागणे हा व्यवहार सामान्य माणसास चमत्कारिक वाटला तरी त्यांना तो अगदी स्वाभाविक वाटतो, कारण मनुष्य कोठे राहतो हे मनुष्यास माहीत असून भागत नाही, ते दप्तरास माहीत असावे लागते.

दप्तरास काय माहीत असते, याचाही लोकांत मोठा घोटाळा आहे. फ्लॅटधारक सातबारा घेऊन येतो, जो जमिनीचा अधिकार अभिलेख आहे; कोणी मिळकत पत्रिका आणतो, जी नगर भूमापन झालेल्या भूखंडाची असते; कोणी इंडेक्स-२ आणतो, जो नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा असतो; आणि २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, तेथील मंडळी ग्रामपंचायतीच्या आकारणीचा नमुना ८ जपून प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणतात. याउलट, ज्या मिळकतकराच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, तिलाच लोक मालकीचा दाखला समजून देवघरात ठेवतात. भाऊसाहेब हा भेद रोज सांगतात आणि रोज तितक्याच शांतपणे सांगतात. बांधकाम परवाना विभागाच्या लेखी जे घर अस्तित्वातच नाही, तेही त्यांच्या रजिस्टरात असते, शास्तीसह असते, आणि कर घेतला म्हणून ते घर कायदेशीर ठरत नाही, असेही ते वर ऐकवतात. तत्त्वतः यात विसंगती नाही. व्यवहारतः ती पुष्कळ आहे, परंतु ती दूर करणे हे दुसऱ्या टेबलाचे काम होय.

कार्यालयातील कागदांची व्यवस्था सहा गठ्ठे पद्धतीने होते, म्हणजे कार्यवाहीचे, उत्तराच्या प्रतीक्षेतले, नियतकालिक विवरणांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे असे सहा भाग पाडले जातात. यांपैकी प्रतीक्षेचा गठ्ठा हा भाऊसाहेबांचा आवडता, कारण त्यातील प्रत्येक कागद दुसऱ्या कोणाच्या तरी दिरंगाईची साक्ष देतो. नष्ट करायचा गठ्ठा त्यांना मनापासून आवडत नाही. वर्गवारीने ज्याचे आयुष्य एक वर्षाचे, तो ‘ड’ वर्गाचा कागदही ते कपाटामागे जिवंत ठेवतात, आणि यात पुण्याची परंपराच बोलते असे म्हणण्यास जागा आहे: नाना फडणवीसांचे हे शहर, येथे कौन्सिल हॉलजवळच्या पेशवे दप्तराच्या इमारतीत मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली बंडले, आजही आहेत, आणि त्यांतून निवडलेल्या कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या काही वर्षांत ४५ खंड काढले. पेशव्यांच्या काळातील एखाद्या दप्तरातल्या कारकुनाने शिस्तीने सफाई केली असती तर इतिहासकार उपाशी मेले असते, हा युक्तिवाद भाऊसाहेब झुरळे मारणाऱ्या कंत्राटदारासमोरही करतात.

संगणक आल्यावर या जातीचा अंत होईल असे भाकीत झाले होते, ते खोटे ठरले. संगणकात माहिती भरली गेली ती जुन्या रजिस्टरांवरून, आणि त्या रजिस्टरांत एका वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतले कोणते खाते कोणत्या खात्यातून फुटले, कोणत्या नावातला काना पूर्वीच्या लेखनिकाने खाल्ला आणि १९६१ च्या पानशेत पुरात कोणत्या घरची कागदपत्रे वाहून गेल्याचे सांगितले जाते, हे पडद्यावर कोठेच दिसत नाही. ते शोधायचे झाले की तरुण कर्मचारी खुर्ची मागे ढकलून ‘भाऊसाहेब, जरा बघता का?’ म्हणतो आणि भाऊसाहेब न उठताच पान क्रमांक सांगतात.

अशा टेबलांविषयी वजनाची चर्चा नेहमी होते, म्हणजे कागद उडू नये म्हणून नव्हे तर हलावा म्हणून फाइलीवर काय ठेवावे लागते याची. तसे लोक आहेतच, त्यांचे वर्णन पोलिसांच्या पंचनाम्यात अधिक नेमके सापडते. येथील भाऊसाहेबांचा दोष निराळा आहे: त्यांना अपूर्णतेचा छंद आहे. मृत्युदाखला, वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला असे सारे पूर्ण घेऊन आलेला अर्जदार त्यांना किंचित निराश करतो. ते संच दोनदा चाळतात आणि अखेर प्रतिज्ञापत्रातील आजोबांचे नाव दाखल्यावरील नावाशी एका वेलांटीने जुळत नाही, हे सापडले की त्यांचा चेहरा उजळतो. ‘आजी, एवढं तेवढं दुरुस्त करून आणा, मग मी स्वतः टिपणी टाकतो,’ असे ते म्हणतात, आणि आजी ते खरोखर आणतात तेव्हा ते खरोखर टाकतात. नावबदलासाठी आलेल्यांना दटावणाऱ्या याच गृहस्थांच्या पर्वतीपायथ्याच्या घराचे बिल अजून त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावे येते, याला कार्यालयात कोणी हसत नाही, कारण बहुतेकांचे तसेच आहे.

वयाची ५८ वर्षे पुरी झाली की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी श्रीफळ, शाल व निरोपाचे भाषण होऊन भाऊसाहेब निवृत्त होतात, पद रिक्त राहते आणि त्याचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या टेबलाकडे जातो. ज्यांच्या घराचे बिल आजोबांच्या नावे येत असेल, त्यांनी ती तारीख आधीच विचारून घ्यावी आणि सर्व कागदांच्या दोन-दोन प्रती घेऊन तिच्या पुरेसे आधी जावे.