डुक्कर फियाटचे शीर्षासन

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार आरंभणाऱ्या गृहस्थास रंग, पत्रा आणि सहधर्मचारिणीची संमती (ही सहसा मिळत नाही) यांच्याही आधी जी वस्तू लागते, ती म्हणजे इंजिन, काचा व दारे उतरवून उघडी पडलेली बॉडी दोन्ही टोकांस धरून अधांतरी फिरवणारी लोखंडी घोडी. पाश्चात्त्य लोक तिला रोटिसरी म्हणतात, कारण सळईत ओवलेले मांस निखाऱ्यांवर फिरवावे तशीच मोटार तिच्यावर चारी अंगांनी फिरते.

माझी मोटार म्हणजे 1950 च्या दशकातील फियाट, मुंबईकरांनी जिचे ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले ती. तिला स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि छत मिळूनच तिचा कणा होतो, त्यामुळे तळ कुजला की नुसती पाय टेकण्याची जागा जाऊन भागत नाही, सारी गाडीच मधोमध वाकू लागते. असा तळ दुरुस्त करताना कारागिराने खाली उताणे पडून वेल्डिंगच्या ठिणग्या छातीवर झेलाव्यात, नाहीतर जुने टायर अंथरून गाडीस कुशीवर लोळवावे, हा आमच्याकडचा वडिलोपार्जित शिरस्ता आहे. आणि त्यात कारागिराच्या सदऱ्याचे व गाडीच्या कुशीचे जे होते, त्याची रुजुवात कोणत्याही गॅरेजात करून घ्यावी.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिल्या असलेल्या आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे 17,048 चौरस किलोमीटरांत, अशी घोडी मला विकत मिळेना. विलायतेहून मागवावी, तर जहाजाचे भाडे आणि जकात मिळून होणारा आकडा पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, एवढ्यात दुसरी गाडी येईल, आणि ती उलटी करावी लागणार नाही.” शिवाय ज्या नगरात 1549 साली मलिक-ए-मैदानसारखी सुमारे 55 टनांची तोफ ओतली गेली (ती पुढे परंड्यावरून विजापुरास गेली, हा आमच्या नशिबाचा भाग), आणि जेथे आजही लष्कर रणगाड्यांचे शिक्षण देते, तेथील रहिवाशाने एक फियाट उलथी करण्यासाठी परमुलखापुढे हात पसरावा, हे गावच्या इभ्रतीस शोभणारे नव्हते. सबब घोडी येथेच घडवण्याची तजवीज झाली.

चौकोनी पाईप भंगारातून आले. मिस्त्री नागापूरच्या एमआयडीसीतून आले. आणि चिलखती दलातून निवृत्त झालेले शेजारचे हवालदारसाहेब कोणीही न बोलावता आले. रणगाडा संग्रहालयातील रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीचा दाखला दिल्यावाचून त्यांचे वाक्य पुरे होत नसे. तथापि दारांच्या रिकाम्या चौकटींत आडवे-तिरपे अँगल डकवल्याखेरीज बॉडी उचलू नये, अन्यथा ती हवेत वाकेल, हा त्यांचा हुकूम शास्त्रशुद्ध होता.

खरा वाद पेटला तो अक्षावरून. अक्ष बॉडीच्या गुरुत्वमध्यातून गेला तर शाळकरी पोरही एका हाताने गाडी फिरवील. मध्याच्या खाली राहिला तर गाडी संधी साधून धाडकन उलटेल. फार वर गेला तर कितीही फिरवली तरी पूर्वपदावर येऊन बसेल. मी कागदावर आकडेमोड मांडली. मिस्त्रींनी ती पाहिलीही नाही. “मास्तर, पुस्तकातला मध्य ऱ्हाऊ द्या. जराशी कलती करायची अन् हात ढिला सोडायचा. वजन कुठं हाये ते तीच सांगती.” त्यांनी खांबातल्या सरकत्या पाईपला ओळीने भोके पाडली, बॉडी बंपरच्या बोल्टांवर चढवली आणि एकेक भोक वरखाली करीत मध्य गाठला. माझे उत्तर दोन भोके चुकले होते, असे ते पुढे चहाच्या टपरीवर सांगत असत.

पहिल्या पूर्ण फेऱ्यात गाडीने आपले दप्तर खुले केले. पट्ट्यांच्या पोकळीतून काळी माती, चिंचोके, केसांचे आकडे आणि एक नया पैसा, असा ऐवज अंगणात पडला. आणि चालकाच्या पायांखाली, डांबराचा थर खरवडल्यावर, पूर्वीच्या कोणा कारागिराने रिबिट मारून बसवलेला डालड्याचा डबा सापडला, ताडाच्या झाडासकट. इतकी वर्षे त्या वनस्पती तुपावर पाय रोवून ब्रेक दाबले जात होते, हे पाहून हवालदारसाहेबांस प्रथमच रोल्स-रॉइस आठवली नाही. भिंतीपलीकडून पाहणाऱ्या पोरांनी डुक्कर सळईवर चढल्याची वार्ता गल्लीभर केली. आमच्या शाकाहारी घराची अब्रू त्या दिवशी गेली ती गेलीच.

आता तळ नवा झाला आहे आणि घोडी लवकरच मोकळी होईल. जिल्ह्यात कोणाच्या गोठ्यात वा गोदामात जुनी मोटार कुजत पडली असल्यास घोडी विनाभाडे न्यावी. बंपरच्या बोल्टांमधील अंतराचे माप मात्र स्वतः घेऊन यावे, आणि अडकवण्याची पिन लावल्याखेरीज कोणी खाली वाकू नये.