डिझेलवरचं बिऱ्हाड

मोटारहोम ही घर सोडून लांब जाण्याची गाडी आहे, असं तिच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती घर अजिबात न सोडण्याची गाडी आहे. एरवी प्रवासाला निघताना माणूस काही गोष्टी नाइलाजानं मागे ठेवतो. मिक्सर राहतो, मांजर शेजाऱ्यांकडे जातं, आमटीत गूळ किती घालायचा हा सासूसुनेचा जुना वाद ओट्यापाशीच थांबतो. मोटारहोममध्ये हा नाइलाज उरत नाही. सगळं बरोबर येतं, आणि सहा फूट रुंदीच्या खोलीत येतं.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. निसर्गरम्य जागी कॅराव्हॅन पार्क असावेत, तिथे वीज, पाणी मिळावं, हॉटेल नसलेल्या भागातही पर्यटक पोचावा, अशी चांगली कल्पना. हॉटेल नसलेला भाग म्हटल्याबरोबर आईनं हात वर केला. “मग निमोण्यालाच जाऊ.”

शिरूर तालुक्यातलं निमोणे हे आईचं माहेर. मुलांनी गाडीच्या माहितीपत्रकावर समुद्र पाहिला होता. पण भाड्यात आईच्या पेन्शनचाही वाटा होता, त्यामुळे समुद्र मागे पडला. आम्ही आई, सौ., दोन मुलं, वाघ्या नावाचा लॅब्रडॉर, सोनी नावाची मांजर, धाकटीचे दोन गोल्डफिश आणि गाडीबरोबर भाड्यात आलेले चालककाका असे निघालो. वाघ्याचं नाव खंडोबाच्या भक्तीतून ठेवलं होतं, स्वभाव पाहून नव्हे. तो फुग्यालाही भितो.

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं की वाघोली लागते. म्हणजे आपण वाघोलीत पोचतो आणि तिथेच राहतो. इतर वाहनांतली माणसं स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली होती, तेव्हा आमच्याकडे आईनं पोहे भिजवले. कांदा परतल्याचा वास खिडकीतून बाहेर गेला, आणि शेजारचा मोटरसायकलवाला हेल्मेट वर करून म्हणाला, “काकू, हाफ प्लेट मिळंल का?” आईनं दिली. मागच्या टेम्पोवाल्यालाही दिली. मोटारहोमचे पैसे माझ्या मते वाघोलीतच वसूल झाले. सरकार कॅराव्हॅन पार्कसाठी जागा शोधत असेल, तर नवी जागा घेण्याची गरज नाही. गाड्या इथे आधीच उभ्या आहेत.

कोरेगाव भीमा ओलांडल्यावर गाडीला वेग आला आणि गोल्डफिशच्या भांड्यातलं पाणी सोनीच्या अंगावर आलं. मांजरीनं जो आवाज केला त्यानं वाघ्या संडासात शिरला, आणि मोटारहोममधल्या संडासाची कडी आतूनच लागते हे आम्हाला तेव्हा कळलं. कुत्र्याला बाहेर काढेपर्यंत शिक्रापूर आलं. माशांना हिंदकळणार नाही असं झाकणाचं भांडं हवं होतं. धाकटीनं शोधून काढलं. रांजणगावच्या अलीकडे वरण लावायला म्हणून आईनं कुकर उघडला. आई आणि मासे एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले.

“सात पिढ्या माळकऱ्यांचं घर,” आई शेवटी म्हणाली, “आणि माझ्या कुकरात मासे!”

रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेणं त्यामुळे प्रायश्चित्त म्हणूनही गरजेचं होतं. त्रिपुरासुराला मारायला निघण्याआधी शंकरानं इथे गणपतीची आराधना केली, अशी कथा आहे. खुद्द शंकरालाही आधी इथे थांबावं लागलं, तर आमची काय कथा. आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत गाडीभोवती गर्दी जमली होती. पडदे लावलेली, एसीची, एवढी लांब गाडी म्हणजे व्हॅनिटी व्हॅनच, यावर सर्वांचं एकमत होतं, वाद फक्त नटी कोण यावर होता. चालककाका गालातल्या गालात हसत काही बोलत नव्हते. दार उघडलं आणि वाघ्या जांभई देत उतरला तेव्हा गर्दी पांगली.

घरासकट फिरण्याची हौस तशी नवी नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरानं खास हौसेसाठी एक घोडागाडीचं घर बांधून घेतलं, त्याला ‘वॉन्डरर’ नाव दिलं आणि तो थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. बरोबर गाडीवान, नोकर, हरिकेन बॉब नावाचा धिप्पाड न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. गाडी इतकी मोठी होती की अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला नोकर तीन चाकी सायकलवर पुढे जायचा. पुढच्या वर्षी त्यानं या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. हौशी कॅराव्हॅनवाल्यांचा तो मूळपुरुष मानला जातो.

शिरूरमधून निमोण्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा या डॉक्टरची आठवण फार आली. कारण आमच्यापुढेही माणूस होता. मामेभाऊ शिरूरला घ्यायला आला होता. मोटरसायकलवर तो आणि त्याच्यामागे बांबू धरलेला त्याचा मित्र. वस्तीवस्तीवर केबलच्या तारा रस्त्यावर लोंबत होत्या, त्या मित्र बांबूनं उचलून धरायचा, मग आम्ही खालून जायचो. बाभळीच्या फांद्यांनी मात्र बांबूला दाद दिली नाही. गाडीच्या टपावर सौरऊर्जेचं पॅनल होतं, त्यावर त्यांनी आपली सही केली.

दिवाळी नुकतीच झाली होती, आणि दिवाळीनंतर या रस्त्यावर घरं घेऊन जाणारे आम्ही एकटे नसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून ऊसतोडीचे कोयते येत होते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ट्रॉलीत भांडी, धान्याची पोती, खोपीचे बांबू, वर पोरं, पोरांच्या कुशीत शेळीचं पिल्लू, मागे बांधलेलं कुत्रं. ट्रॉलीतल्या एका पोरानं आमच्या खिडकीतल्या वाघ्याला हात केला. वाघ्यानं तोंड फिरवलं. त्या बिऱ्हाडांसाठी पर्यटन धोरण नाही आणि त्यांना हौसही नाही, पोट आहे. चालककाकांनी गाडी बाजूला घेऊन त्यांना पुढे जाऊ दिलं.

निमोण्यात पोचलो आणि गाडी पारापाशी थांबली. एवढ्यात एक गृहस्थ संगमनेरी शेळी घेऊन लगबगीनं आले, दार उघडं पाहून शेळी आत चढवली आणि म्हणाले, “डॉक्टर कुठायत?”

त्यांची काही चूक नव्हती. १९६२ या नंबरावर फोन केला की जनावरांचा फिरता दवाखाना येतो, हे आता गावोगाव माहीत आहे. पांढरी गाडी, खिडकीत कुत्रा, कुत्र्याशेजारी मांजर. दुसरा अर्थ काढायचा तरी कसा? मी समजावून सांगत होतो तोवर रांगेत एक म्हैस उभी राहिली होती. शेळीचं पोट डावीकडून टम्म फुगलं होतं आणि ती सौ.च्या पाककृतींच्या वहीकडे पाहत होती. तेवढ्यात आई उठली. तिनं शेळीच्या पोटावर टिचकी मारली, “कवळं कायतरी हाबकलंय हिनं,” असं निदान केलं, मिसळणाच्या डब्यातला हिंग गोडेतेलात कालवला आणि शेळीचं तोंड धरून बेताबेतानं पाजला. मग पोट चोळत बसली. काही वेळानं शेळीनं एक दीर्घ ढेकर दिली. गाडीतला एसी त्या ढेकरेपुढे निकामी ठरला. ढेकरेमागोमाग इतरही बरंच काही आलं, ते गालिच्यावर.

शेळीवाले गृहस्थ फी विचारू लागले. आई म्हणाली, “मी इथलीच. ह्या गावची लेक हाये.” रात्रीपर्यंत आमच्याकडे कांद्याची एक गोणी, हिरव्या मिरच्या आणि दोन भोपळे जमा झाले, आणि गाडीत बसायला जागा उरली नाही.

मामांची वस्ती गावापासून आत, उसाच्या कडेला. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर लाथ मारून पाहिली, मग आत वाकून संडास पाहिला आणि फार वेळ गप्प राहिले.

“आक्का,” ते आईला म्हणाले, “सरकारनं गाव हागणदारीमुक्त करता करता आमच्या नाकी नऊ आणले. आन् तू तो चाकावर बांधून आनलास व्हय?”

त्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची हा पुढचा प्रश्न होता. गाडीवाल्यांच्या पुस्तिकेत ‘नियुक्त केंद्रावर’ असं लिहिलं होतं. निमोण्याच्या परिसरात नियुक्त केंद्र नाही. ते पुढे मामांच्या शोषखड्ड्यानं निभावून नेलं, आणि त्याचं सविस्तर वर्णन मी इथे करत नाही.

मुलांना गाडीबाहेर चांदण्यात, छत्रीसारखा उघडणारा गाडीचा बाहेरचा पडदा लावून झोपायचं होतं. मामांनी ऐकूनही घेतलं नाही. “बिबट्या हाये,” एवढंच ते म्हणाले. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्यानं ऊस हेच रान मानलेलं आहे. मादी उसातच पिल्लं घालते, तोडणीच्या वेळी ती सापडतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. माणसांवर हल्ले होतात, त्यामुळे हा विषय इकडे कुणी हसण्यावारी नेत नाही. रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या जिवाला घोर असतो, म्हणून दिवसा वीज द्या अशी मागणी असते. आणि कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं. हे शेवटचं वाक्य मामांनी वाघ्याकडे बघत म्हटलं. वाघ्याला भाषा कळत नाही, पण सूर कळला. तो त्या रात्रीपुरता पुन्हा संडासात गेला, आणि या वेळी कडी लागली तेव्हा त्यानं तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोड नदीच्या पलीकडून, श्रीगोंद्याच्या बाजूनं, धनगरांचा वाडा आला. मामांनीच त्यांना बोलावलं होतं. बाजरी निघालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या होत्या.

पुढे मेंढरं, मग बाया आणि घोडी. एका घोडीवर पालाच्या काठ्या, घोंगड्या, हंडे, पिठाचं गाठोडं, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी कालपरवाच जन्मलेली दोन कोकरं, आणि सर्वांत वर एक तान्हं मूल, झोपेत. खाली चालणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. बिबट्या मानगूट धरतो, त्याला तिथेच खिळे लागावेत म्हणून. वाघ्याच्या गळ्यात गुलाबी पट्टा होता, त्यावर आमचा मोबाइल नंबर लिहिलेला.

मी त्या वेळी बाहेरचा पडदा उघडण्याच्या खटपटीत होतो. एक बटण दाबलं की तो आपोआप उघडतो, आणि मी ते बटण बराच वेळ दाबत होतो. तेवढ्या अवधीत धनगरांच्या बायांनी घोड्यांवरची ओझी उतरवली, वाघर ताणून मेंढ्या आत घेतल्या, कोकरं डालग्याखाली झाकली, तीन दगड मांडले आणि भाकरी टाकायला सुरुवात केली. कुणी कुणाला सूचना दिली नाही. माहितीपुस्तिका नव्हती.

गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक मराठी शिकून या वाड्यांमागे, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या ठाण्यांवर वर्षानुवर्षं हिंडले, आणि १९७६ साली या दैवतांवर त्यांनी जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. जर्मनीत मोटारहोम बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या आहेत. तरीही फिरत्या संसाराचा अभ्यास करायला सोन्थायमरांना इकडेच यावंसं वाटलं, याचा मला त्या संध्याकाळी अचंबा वाटला नाही.

वाड्यातली एक आजी भाकरी झाल्यावर आमची गाडी बघायला आली. तिनं बेसिनचा नळ सोडून पाहिला, पलंग दाबून पाहिला, सोनीला उचलून तिचं वजन केलं.

“ह्याचं भाडं किती?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं.

“आन् रोज जिथं उतरता त्याचं?”

“त्याचंही द्यावं लागतं. जागेचे, विजेचे, पाण्याचे वेगळे पैसे असतात.”

आजी पदर तोंडाला लावून हसली. “आमाला रानवाला देतो,” ती म्हणाली.

हे अक्षरशः खरं आहे. मेंढ्या रात्रभर रानात बसल्या की लेंड्यांचं आणि मुताचं खत पडतं, आणि त्या बदल्यात शेतकरी धनगरांना धान्य किंवा रोख पैसे देतो. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला यजमानानं भाडं द्यावं, अशी कॅराव्हॅन पार्कची व्यवस्था जगात दुसरीकडे कुठे असेल तर माझ्या पाहण्यात नाही. आमच्या धोरणकर्त्यांनी एकदा रात्रीच्या मुक्कामाला निमोण्याच्या रानात यावं. बिबट्या आहे, तेव्हा झोपायला आतच.

सकाळी मी उठलो तेव्हा रान मोकळं होतं. वाडा पहाटेच मावळाकडे निघून गेला होता, तिथून घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या तोंडावर परत. आम्ही दुपारपर्यंत इनव्हर्टर चार्ज व्हायची वाट पाहिली, कारण मामांच्या भागात थ्री फेज रात्री येते आणि रात्री कुणी प्लग लावायला बाहेर गेलं नव्हतं.

पुण्यात गाडी परत केली. मालकांनी टॉर्च घेऊन आतून-बाहेरून तपासणी केली आणि अनामत रकमेतून पैसे कापून पावती दिली. ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात त्यांनी, आईनं आग्रह धरून सांगितल्याप्रमाणे, ‘शेळी (आता बरी आहे)’ असं लिहिलं आहे.