वाशिमचा पाहुणा : पोहोचण्याचे आणि सुटण्याचे नियम

वाशिम जिल्ह्यात येणाऱ्याने आधी गावांची नावे आडनावासकट पाठ करावीत. इथले शिरपूर म्हणजे शिरपूर जैन, मालेगाव म्हणजे मालेगाव जहांगीर आणि कारंजा म्हणजे कारंजा लाड. मोबाइलवर नुसते ‘शिरपूर’ टाकणारा धुळ्याकडे आणि नुसते ‘मालेगाव’ टाकणारा नाशिककडे निघतो, आणि समृद्धी महामार्गामुळे तो हल्ली चुकीच्या दिशेनेही फार वेगाने जातो.

मे महिन्यात दुपट्टा डोक्याला बांधावा, मिरवायला खांद्यावर टाकू नये. दुपारी बारा ते चार रस्त्यावर फक्त निरुपाय झालेली माणसे आणि पर्यटक दिसतात. बाकीचा जिल्हा कूलरपुढे असतो.

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. दर्शन शांतपणे घ्यावे, पण ‘मंदिर नेमके कुणाचे?’ हा प्रश्न बाहेरच्या चहाच्या टपरीवर काढू नये. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांमधला हा वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला आहे. पुढे १९८१ पासून मंदिराला कुलूप होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. एवढ्यांना न सुटलेले कोडे पाहुण्याकडून अर्ध्या कपात सुटत नाही.

पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी खुले झालेले नंगारा वस्तुसंग्रहालयही. रामनवमीच्या यात्रेला तेलंगण-कर्नाटकातूनही लोक लोटतात. त्या दिवसांत खोली मिळण्याची आशा घरीच ठेवून यावे. तांड्यात, म्हणजे बंजारा वस्तीत, शिरताना ‘जय सेवालाल’ म्हणावे आणि आधी तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला, भेटावे. बायकांच्या आरसे जडवलेल्या फेटिया-कांचळीचा, म्हणजे घागरा-चोळीचा, फोटो विचारूनच काढावा. परवानगी मिळालीच, तर निम्मा तांडा फोटोत येतो, याची तयारी ठेवावी.

खरी कसोटी घरी आहे. थायलंडच्या रिसॉर्टात उतरणाऱ्याला कुणाच्या डोक्याला हात लावू नये अशी ताकीद मिळते. इकडे घरातली आजीच पाहुण्याच्या डोक्यावर हात ठेवते, तेव्हा त्याने फक्त वाकायचे. ‘जेवले का जी?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर धरले जात नाही. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, शेतात असल्यास रोडगे आणि वरण असे सगळे येते. पानावर हात आडवा धरणे धोक्याचे, कारण वाढणाऱ्या बाईंचा नेम बोटांच्या फटीवर पक्का असतो. हा आग्रह जुना असावा. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. संस्कृत कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुषाचे लग्न याच नगरात लावले आहे. पंगतीचे वर्णन त्याने केलेले नाही. जेवून सुस्तावला असेल.

निघण्याच्या दिवशी एसटीची वेळ तासभर आधीची सांगण्याची युक्ती अनुभवी पाहुणे वापरतात. यजमान तो तास मनातल्या मनात वजा करतात आणि चहा पुन्हा चुलीवर चढतो.