आमच्या गावचं बेट

भाचा हेलसिंकीला नोकरीत लागला. काही महिन्यांनी फोन आला, "मामा, आता बेटावर राहायला आलोय." आईला ऐकू कमी येतं म्हणून आमच्याकडं फोन कायम स्पीकरवर. बीड जिल्ह्यात उभा जन्म गेलेल्या बाईला बेट म्हणजे बांबूचं. ती म्हणाली, "आन् पावसात रे? गळत नाही ना?"

बेटाचं नाव सुओमेनलिन्ना. शहराच्या बंदरासमोर समुद्रात काही खडक डोकं वर काढून बसलेत. स्वीडनच्या राजवटीत, १७४८ साली, त्यांच्यावर किल्ला बांधायला घेतला. १९९१ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. पण नुसता बघायचा किल्ला नव्हे, आठशेच्या आसपास माणसं तिथं बिऱ्हाड करून राहतात. बाजाराच्या चौकातून बोट सुटते, पाव तासात पलीकडं. शहरातल्या ट्रामचं तिकीट बोटीलाही चालतं. एवढ्या सगळ्यात आईला पटलं ते तिकीट. "म्हणजे एस्टीच की! आन् शेवटची गाडी हुकली तर?"

"धक्क्यावर बसून राहायचं, आज्जी."

"मग आपल्या स्टँडावर काय वेगळं असतं?"

इथवर ठीक होतं. पण पुढं भाचा सांगू लागला, की ऑफिसातल्या कुणी त्याला विचारलं, तुमच्या गावाकडं बेटं आहेत का? आणि यानं सांगून टाकलं, बेट कुठलं, आमच्याकडं पाणीच नसतं. हे मात्र मला लागलं. दुष्काळी म्हणा, ऊसतोडीला जाणारे म्हणा, सगळं ऐकून घेऊ. पण बेट नाही म्हणजे काय? लहानपणी मीच तर याला बोटाला धरून नेला होता.

बीड शहरात कंकालेश्वराचं देऊळ आहे, तेच आमचं बेट. चहूबाजूंनी कुंडाचं पाणी, मधोमध काळ्या दगडाचं जुनं देऊळ. कुणी चालुक्यांच्या काळातलं म्हणतं, कुणी यादवांच्या. त्या वादात मी पडत नाही. तीन गाभारे आणि तिघांत मिळून एक मंडप, एकत्र कुटुंबासारखा. काठावरून देवळापर्यंत दगडी वाट. चप्पल काठावर काढायची. चैत्रातल्या दुपारी ती वाट म्हणजे तापला तवा. टाचा न टेकता, चवड्यांवर उड्या मारत, देवाचं नाव घेत पळायचं. त्या वाटेवर नास्तिकसुद्धा महादेवाचं नाव घेतो. मंडपात पाऊल पडलं की फरशी एकदम गार. डोळ्यांना काही दिसत नाही, आधी ओल्या बेलाचा वास येतो, मग कबुतरं घुमतात, आणि मग कुठं हळूहळू खांबांवरचं कोरीव काम उजेडात येतं. तळवे मात्र बराच वेळ चुरचुरत राहतात.

फिनलंडला बेटं फुकट मिळालीत. समुद्र होताच, खडकांनी नुसती मान वर काढली. आमच्याकडं खडकाला तोटा नाही, सगळा बालाघाट पडलाय. पाण्याची सोय माणसाला करावी लागते. गावाचं नावसुद्धा म्हणे विहीर या अर्थाच्या अरबी शब्दावरून पडलं. खरंखोटं कुणी पाहिलंय, पण शोभतं. गावाबाहेरची खजिना विहीर निजामशाहीतली, १५८२ सालची. तिचं पाणी आटत नाही म्हणून तिची कीर्ती. जिथं न आटणारी विहीर अप्रूप, तिथं कुणीतरी देवळाभोवती पाणी खेळवलं, ही केवढी चैन!

बाकी बेटपणाचा भरवसा तिकडंही नाहीच. कडक हिवाळ्यात समुद्र गोठतो, बोट बर्फ फोडत जाते, असं भाचा सांगतो. म्हणजे त्यांचं बेट थंडीनं जमिनीला चिकटतं, आमचं उन्हानं. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या उन्हाळ्यांत कुंडाकडं बघवत नाही. महादेव तेवढा जागेवर असतो, पण बेटावर असतो असं म्हणताना जीभ अडखळते.

भाच्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. म्हणाला, "मामा, फोटो पाठवा, ऑफिसात दाखवतो." श्रावणात पाणी चढल्यावर काढून पाठवला. मे महिन्यातला पाठवायला मी काही खुळा नाही.

तिकडून कुणी यायचं म्हणत असेल, तर महाशिवरात्रीचा दिवस तेवढा टाळावा, त्या दिवशी आमच्या बेटावर पाय ठेवायला जागा नसते. एरवी कधीही या. बोट लागत नाही, तिकीट लागत नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर या, चप्पल काठावरच काढावी लागेल.